एक्केचाळीस नावं

राग आला की मधल्या सुनेचा आवाज खाली जायचा. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणून त्या रविवारी सकाळी तिनं जेवणाच्या टेबलावर एकापुढे एक तीन नळ ठेवले आणि जेमतेम ऐकू येईल इतक्या हळू "जरा बसता का सगळे" असं म्हटलं, तेव्हा धाकट्या दिरानं चहाचा कप तोंडाशी नेता नेता थांबवला.

"वहिनी, चहा पिऊ की पळू?"

"प्या. पण बसून प्या."

खरं तर बैठक तिची नव्हतीच. ती दादांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी बोलावली होती. नळांचे तीन कारखाने त्या भागात होते. एक यांचा, एक कालव्यापलीकडचा, एक चढावरचा. तिघांमधला कसलासा जुना समझोता महिनाअखेरीला संपत होता आणि आणखी सात वर्षांसाठी त्यावर तिन्ही भावांच्या सह्या हव्या होत्या. कारखान्याच्या कुठल्याही कागदावर तिघांच्या सह्या, आणि त्याही घरच्या टेबलावर, ही मामंजींची रीत. बायकांच्या कानावर पडलं पाहिजे, असं ते म्हणत. बायकांना विचारलं पाहिजे, असं मात्र ते कधी म्हणाले नव्हते.

मधलीच्या मनात घोळत होती ती कालची संध्याकाळ. लेक बाहेरून आली ती दारातच पायरीवर बसली, पायातलंसुद्धा काढलं नाही. तिला सगळे खारूताई म्हणत. लहानपणी दादांच्या ऑफिसात बसून त्यांच्या पेन्सिली कुरतडायची म्हणून हे नाव दादांनीच ठेवलेलं. कालव्यापलीकडच्या कारखान्यात तिची निवड झाली होती. तीन मुलाखती झाल्या, प्रयोगशाळेच्या बाईंनी तिला तिचं टेबलसुद्धा दाखवलं, खिडकीजवळचं. आणि काल त्याच बाईंचा फोन आला. तुझ्यात काही कमी नाही, पण घेता येत नाही, यादीत तुझं नाव आलंय.

"कसली यादी?" खारूताईनं विचारलं होतं.

"घरी विचार," बाई म्हणाल्या होत्या.

ते दोन शब्द ऐकताच ही यादी त्या समझोत्याचीच असणार, हे मधलीनं ओळखलं होतं.

"हे नळ उचल आधी," दादा म्हणाले. "कागद ठेवायला जागा नको?"

"कागदाचंच चाललंय, दादा. हा आपला. हा कालव्यापलीकडचा. हा चढावरचा. दोन्ही मी दुकानातून विकत आणले आणि आपल्या नळाशेजारी यंत्राला लावले. तिन्ही एक लाख चाळीस हजार वेळा उघडझाक झाले की गळायला लागतात. आणि तिन्ही एकाच जागी गळतात. वॉशरच्या खालच्या कडेला."

"मग चांगलंच आहे. आपण कुणाच्या मागे नाही."

"पुढेही नाही."

"तीन भावंडं, एकच दुखणं," धाकटा म्हणाला. तो विक्री बघायचा आणि महिन्यातले वीस दिवस दुकानं पालथी घालायचा. "परवा एक दुकानदार मला विचारतो, यंदा नवीन काय? मी म्हटलं, खोका."

मधलीचा नवरा हसला नाही. तो टेबलाच्या टोकाशी बसून चष्मा पुसत होता. काच स्वच्छ झाली तरी पुसत होता.

चाचणीखोली हे मधलीचं राज्य. खारूताई पाच वर्षांची झाली त्या वर्षी तिथला माणूस आजारी पडला आणि मामंजी म्हणाले, आठ दिवस तू बघ. ते आठ दिवस एकवीस वर्षं चालले होते. भिंतीला ओळीनं नळ लावलेले, लोखंडी बोटं ते उघडायची, मिटायची, पुन्हा उघडायची, आणि पहिला थेंब कितव्या वेळी पडला ते मधली रजिस्टरात लिहायची. घरात कुणी कपाट लावलं तरी तिच्या मनात आकडा पुढे सरकायचा.

त्याच खोलीत आणखी एक वही होती. तिला नव्याची वही म्हणत. दुसऱ्या कारखान्यातून कुणी अनुभवी माणूस आला की मामंजी त्याला आठ दिवस काम द्यायचे नाहीत. फक्त हिंड, बघ आणि आमचं काय चुकतं ते या वहीत लिही, असं सांगायचे. "आठ दिवसांनी डोळे घरचे होतात," ते म्हणत, "मग नवव्या दिवशी त्याला काही दिसत नाही."

मधलीनं पिशवीतून ती वही काढली. तिच्या पुठ्ठ्याचे कोपरे गळून गेले होते.

"हे कुणी लिहिलंय बघा. बाटल्यांच्या कारखान्यातून आलेला माणूस. 'चाचणीला इतकं स्वच्छ पाणी का वापरता? लोकांच्या टाकीत गाळ असतो.' दुसऱ्या दिवसापासून मी पाण्यात मूठभर बारीक वाळू घालायला लागले. साठ हजार टिकणारे नळ वीस हजारांत रडायला लागले, तेव्हा आपल्याला कळलं आपण काय विकतोय. ही दुधाच्या कारखान्यातली बाई. 'ओल्या हातानं मूठ फिरत नाही.' त्यातून आपली पंखाच्या आकाराची मूठ आली. हा सायकलच्या पंपाचं काम केलेला. हा तर कालव्यापलीकडूनच आलेला, वॉशर उलटा बसवा म्हणाला, तुम्ही त्याला वेड्यात काढलंत, आणि त्या वर्षी आकडा वाळूच्या पाण्यातसुद्धा एक लाख चाळीसवर गेला."

"ही पोथी मला पाठ आहे," दादा म्हणाले.

"मग शेवटचं पान कधीचं आहे तेही पाठ असेल."

दादांनी समझोत्याच्या कागदाची घडी उलगडली.

"सात वर्षांपूर्वीचं. त्यानंतर एक ओळ नाही. आणि रजिस्टरात त्यानंतर आकडा एकानंही हललेला नाही. मला वाटायचं, जग बदललं, माणसं येईनाशी झाली. काल कळलं, की ती येत होती. तुम्ही दार धरून उभे होतात." तिचा आवाज आता इतका खाली गेला होता की थोरल्या जाऊबाई स्वयंपाकघरातून उठून दारात आल्या. "समझोता वाचून दाखवाल, दादा?"

"वाचायचं काय त्यात. तिघांनी एकमेकांची माणसं घ्यायची नाहीत. बस्स. सगळीकडे असतं."

"सगळीकडे असतं तर लपवलं कशाला?"

आता मात्र दादा पुढे सरकले. ते काही खलपुरुष नव्हते. दोन्ही गुडघे दुखत असूनही रोज सकाळी सगळ्यांच्या आधी ओतशाळेत उभे राहणारा माणूस तो. "तुला साच्यांच्या कारागिराचं माहीत नाही का? बारा वर्षं मी त्याला हाताला धरून शिकवलं. माझ्याच ताटात जेवला. आणि एक दिवस चढावर निघून गेला. सहा महिन्यांत आपल्या मुठीसारखी मूठ त्यांच्या नळावर. मी माणूस घडवायचा आणि शेजाऱ्यानं उचलून न्यायचा? असंच चाललं तर कोण कुणाला शिकवेल? सांग ना."

हे खोटं नव्हतं, आणि मधलीला ते ठाऊक होतं. तो कारागीर गेला त्या दिवशी दादा जेवले नव्हते.

"तुम्हाला लागलं ते खरं," ती म्हणाली. "पण पुढचं विसरलात. त्या रागात तुम्ही ओतशाळेत ठाण मांडलंत आणि पाच महिन्यांत पाव फेऱ्यात उघडणारा नळ काढलात. त्यांनी आपली मूठ घेतली तोवर आपण ती टाकून दिली होती. आणि त्याच वर्षी त्यांच्याकडचे दोघे आपल्याकडे आले. एक गेला, दोन आले. ते मोजलंत?"

"नशीब म्हणतात त्याला."

"आणि आताचे साचेकाका? त्यांना चढावर जायचं होतं. मुलगी तिकडे असते, येण्याजाण्याचे तीन तास वाचले असते. त्यांना तिकडून नाही म्हणून सांगितलं. का, ते कुणीच सांगितलं नाही. तेव्हापासून ते मान खाली घालून साचे घासतात. पूर्वी माझ्याशी भांडायचे, हा कोन चुकलाय, तो चुकलाय. आता काहीही दाखवलं तरी बरं आहे म्हणतात. ज्याला जाता येत नाही, दादा, तो बोलतही नाही. कशाला बोलेल?"

धाकट्यानं कप ठेवला. "साचेकाका यादीत आहेत? दादा, मला सांगितलं होतंत फक्त चार इंजिनियर."

"चारांनी काय होतं? ते लोक हुशार आहेत. यादी पुरी नको?"

"किती नावं आहेत?"

दादांनी कागद पुढे सरकवला. मधलीनं तो उचलला आणि वाचू लागली. तीन रकाने होते. नाव, काम, कधीपासून. इंजिनियर होते, साचेकाका होते, ओतारी होते. घासकामाच्या चौघी होत्या. मालाच्या गाडीचा ड्रायव्हरसुद्धा होता.

"हा कशाला?" धाकटा म्हणाला. "त्यानं काय चोरायचं, हॉर्न?"

"त्याला गिऱ्हाइकांचे पत्ते माहीत आहेत."

एक्केचाळिसावं नाव खारूताईचं होतं. काम: इंजिनियर. कधीपासून: दीड वर्ष. अक्षरं बाकीच्या यादीपेक्षा काळी होती, नुकतीच छापलेली.

खारूताई इतका वेळ खिडकीला पाठ लावून उभी होती. आता ती पुढे आली. "मोठे काका, मी तुम्हाला सांगून मुलाखतीला गेले होते. तुम्ही म्हणालात, शाब्बास."

"शाब्बास म्हणालो. जा म्हणालो नाही." दादांची नजर टेबलावरच होती. "पोरी, उद्या हा कारखाना तुझाच आहे. तुला तिकडे नोकर म्हणून धाडायचं? लोक काय म्हणतील, घरच्या मुलीला घर पुरलं नाही?"

"नाही पुरत," ती म्हणाली. "दीड वर्षात मी तीन नवीन वॉशर काढून दाखवले. तुम्ही तिन्ही वेळा म्हणालात, आपण असं करत नाही. मला बघायचंय, दुसरे कसं करतात. बघून येईन की परत. मला हाकललंत तरी येईन."

"कुंपणच शेत खायला लागलं तर..." धाकटा पुटपुटला आणि कुणाच्या बाजूनं पुटपुटला ते कुणालाच कळलं नाही. बहुधा त्यालाही.

मधली कागद हातात धरून नवऱ्याकडे वळली. एक गोष्ट तिला मघाशीच दिसली होती, पण ती विचारायला तिचं मन धजत नव्हतं. दादांना टाईप करता येत नव्हतं. कारखान्याचे सगळे कागद एकच माणूस करायचा.

"अहो."

त्यानं चष्मा डोळ्यांवर चढवला.

"तिचं नाव तुम्ही टाईप केलंत?"

"दादानं सांगितलं," तो म्हणाला. मग चष्मा पुन्हा काढत, "मी म्हटलं होतं, तिला विचारू. दादा म्हणाला, मोठी झाल्यावर आभार मानेल."

"ती सव्वीस वर्षांची आहे."

"हो."

इतक्या वर्षांच्या संसारात मधली या माणसावर खूपदा चिडली होती. आज तिला चीड आली नाही, ओशाळं वाटलं. जणू शेजारच्या घरातलं काहीतरी चुकून दिसलं होतं. तिनं नजर काढून घेतली आणि यादी पुन्हा वरून खाली पाहिली, नुसतं कुठे तरी पाहायचं म्हणून. आणि मग आणखी एकदा पाहिली, या वेळी शोधत.

"माझं नाव कुठे आहे?" तिनं विचारलं.

"तुझं कशाला?" दादांना खरंच प्रश्न कळला नव्हता. "तू घरातली."

"खारूताई घरातली नाही?"

"तिला पगार आहे. ती कामाला आहे."

"आणि मी?"

दारातल्या थोरल्या जाऊबाईंनी, ज्यांनी मधलीला चांगलं म्हणायची चूक आजवर केली नव्हती, पदराला हात पुसले आणि त्या कोरड्या हसल्या. "विचार, विचार. सव्वीस वर्षं पॅकिंग बघते मी. माझंही शोध जरा, ड्रायव्हरच्या खाली असेल कुठेतरी."

"तू मध्ये पडू नकोस," दादा म्हणाले.

"मध्ये कुठे, मी यादीच्याही बाहेर आहे," जाऊबाई म्हणाल्या आणि खुर्ची ओढून मधलीशेजारी बसल्या. त्या घरात त्या बाजूला त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

मधलीनं यादी टेबलावर ठेवली, कडा टेबलाच्या कडेशी नीट जुळवून. आठ दिवसांनी डोळे घरचे होतात. तिचे तर एकवीस वर्षांचे घरचे झाले होते. दर पहिल्या तारखेला मजूर पगारासाठी रांगेत उभे राहायचे आणि ती शेजारून चाचणीचे नळ घेऊन जायची, आणि तिला कधी काही दिसलं नव्हतं.

"ठीक आहे," ती म्हणाली. "मग मला कुणी अडवलेलं नाही. उद्या मी कालव्यापलीकडे जाते. खारूताईच्या मुलाखतीत त्या बाईंनी विचारलं होतं, पाण्यात वाळू घालायला तुला कुणी शिकवलं. ती म्हणाली, आईनं. तर त्या म्हणाल्या, आईला एकदा भेटायचंय."

"काहीतरीच," दादा म्हणाले. "मी आत्ता फोन करतो त्यांना."

"करा. काय सांगाल?"

"सांगेन की..."

"की ती आमची कामगार आहे, समझोत्यात बसते? मग आधी यादीत घाला. बेचाळिसावी. ही घ्या पेन." तिनं ती त्यांच्यापुढे ठेवली. "नाव तुम्हाला माहीत आहे. कामाच्या रकान्यात काय लिहिताय ते बघते मी. आणि 'कधीपासून' तेही लिहा. माझ्यासमोर लिहा. मी स्वतः उद्या तो कागद नेऊन देते आणि घरी येऊन बसते, वचन देते. नाही तर मी घरातली. मग घरातली बाई कुठे जाते याच्यावर तुमची सही कशाला?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी दादांची गत झाली. त्यांनी पेन उचलली. टोपण काढलं. एक्केचाळीसच्या खाली पांढरी जागा होती, तिथे टोक टेकवलं. मधली बघत राहिली. तिला मनातून वाटत होतं की त्यांनी लिहावं. हे तिला नंतर कित्येक दिवस खुपत राहिलं, की त्या क्षणी त्यांनी तिचं नाव, काम आणि ते वर्ष लिहिलं असतं, तर ती खरोखरच घरी बसली असती, आणि कदाचित सुखानं.

कागदावर शाईचा एक ठिपका मोठा होत गेला. दादांनी पेन खाली ठेवली.

"हे बायकांचं नाही," ते म्हणाले आणि कागद भावांकडे सरकवला. "तुम्ही दोघं सह्या करा. विषय संपवा."

धाकट्यानं कागदाकडे पाहिलं, मग मधल्याकडे. मधल्या भावानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, पेन उचलली. खारूताईनं तोंड फिरवलं. त्यानं टोपण शोधलं, पेनला लावलं, टक् असा आवाज झाला, आणि पेन खिशाला लावून तो उठला.

"कुठे चाललास?" दादा म्हणाले.

"मला विचार करायला वेळ पाहिजे."

"किती?"

"महिनाअखेरपर्यंत," तो म्हणाला आणि बायकोकडे न बघता बाहेर गेला. त्या माणसाला तेवढंच जमण्यासारखं होतं, आणि तेवढं त्यानं केलं. महिनाअखेरीला समझोता आपोआप संपत होता.

सोमवारी मधली पूल ओलांडून गेली. रोज डावीकडे वळायची ती उजवीकडे वळली, एवढाच फरक. पण पायांना तो कळला. प्रयोगशाळेच्या बाई वयानं तिच्याएवढ्याच होत्या, आखूड केसांच्या, बोटाला पट्टी लावलेल्या. त्यांनी तिला बसवलं आणि जरा घुटमळल्या.

"सकाळी तुमच्याकडून फोन होता. थोरल्यांचा."

"काय म्हणाले?"

"मीच विचारलं, या बाई तुमच्या यादीतल्या आहेत का. आम्हाला नियम पाळावा लागतो ना." बाईंनी पट्टी चाचपली. "ते म्हणाले, नाही. अशी कुणी बाई आमच्या कारखान्यात कधीच कामाला नव्हती."

मधलीनं मान हलवली. कानांच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. एकवीस वर्षं. तिच्या हातचे किती लाख थेंब. त्या माणसाला पेनचं टोक कागदावर टेकवता आलं नाही, पण हे तोंडातून काढता आलं. तिला वाटलं, उठावं, पूल ओलांडून जावं, ओतशाळेत सगळ्यांसमोर विचारावं. मग वाटलं, कशाला. त्यांनी दार स्वतःच्या हातानं उघडून दिलं होतं.

"बरोबर आहे त्यांचं," ती अगदी हळू म्हणाली. "म्हणजे मला घ्यायला अडचण नाही."

"अडचण काहीच नाही. पहिल्या तारखेपर्यंत तो कागद झाला नाही तर तुमच्या मुलीलाही पाठवा. तिचं टेबल तसंच आहे."

"आली की तिला आठ दिवस काम देऊ नका."

"का?"

"सांगते. एक कोरी वही मिळेल?"

बाईंनी कपाटातून वही काढून दिली आणि तिला चाचणीखोलीत नेलं. तिथंही भिंतीला नळ होते, तिथंही लोखंडी बोटं उघडझाक करत होती, आवाजसुद्धा तसाच, फक्त ताल थोडा वेगळा. मधली एका नळापाशी थांबली. खालच्या तसराळ्यात तिनं हात बुडवला, ओंजळभर पाणी उजेडात धरलं, बोटांमध्ये चोळलं. मग पदराला हात पुसून तिनं वहीचं पहिलं पान उघडलं. वर आपलं नाव लिहिलं. त्याखाली लिहिलं, काम: नळ तपासणे. कधीपासून: एकवीस वर्षे.

आणि त्याखाली, पहिल्या ओळीवर: इथलं पाणी फार स्वच्छ आहे.